सुटकेचा कागद

नोटीस न देता नोकरी सोडली तर कंपनी ब्लॅकलिस्ट करते का, हा प्रश्न वकिलाला विचारला तर तो सांगतो, अशी काही यादी आपल्या कायद्यात नाही, घाबरू नका. तोच प्रश्न एचआरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला विचारला तर तो हसतो. यादीची गरजच काय, म्हणतो. दोघंही खरं सांगतात. ब्लॅकलिस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुलूपबंद कपाटातलं एखादं रजिस्टर येतं आणि तसं रजिस्टर सापडत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. पुण्या-मुंबईच्या नोकरीबाजारात मात्र ही यादी एका कागदाच्या रूपाने नांदते आहे. तो कागद तुमच्या हातात नसला की तुमचं नाव यादीत आहे असं समजायचं. त्याला रिलिव्हिंग लेटर म्हणतात.

या कागदाची ताकद कळते ती नव्या नोकरीच्या पहिल्या काही आठवड्यांत. ऑफर लेटर आलेलं असतं, बहुतेक ठिकाणी माणूस रुजूही झालेला असतो. मग बीजीव्ही, म्हणजे पूर्वेतिहासाची पडताळणी, करणाऱ्या एजन्सीचा मेल जुन्या कंपनीला जातो. मेलमध्ये एक तक्ता असतो. नाव, एम्प्लॉयी आयडी, रुजू झाल्याची तारीख, शेवटचा दिवस, पद, पगार, नोकरी सोडण्याचं कारण, काही येणं बाकी आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली होती का. आणि खाली एक रकाना असतो: या व्यक्तीला पुन्हा नोकरीवर घ्याल का? हो किंवा नाही. तक्ता भरणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलं असेलच असं नाही. सिस्टीममध्ये तुमच्या नावापुढे ‘अबस्कॉन्डेड’, म्हणजे न सांगता पळालेला, असा शेरा दिसतो, तो बघून तो ‘नाही’वर खूण करतो आणि पुढच्या मेलकडे वळतो. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून तुम्ही रातोरात सोलापूरची गाडी पकडली होती, की दुप्पट पगाराची ऑफर आली म्हणून फोन बंद करून बसला होता, हे त्या रकान्यात मावत नाही. एजन्सीच्या अहवालात तुमच्या नावापुढे लाल रंग येतो आणि नवी कंपनी ‘पॉलिसीनुसार’ ऑफर मागे घेते. यात कुणी कुणाविरुद्ध कट केलेला नसतो. कुणी खोटंही बोललेलं नसतं.

म्हणूनच या विषयावर बोलताना आधी गुंता सोडवायला हवा. कंपनीने आपल्या दप्तरी ‘याला पुन्हा घेऊ नये’ असं लिहून ठेवलं तर त्यात वावगं काही नाही. जो माणूस ऐन रिलीजच्या आदल्या दिवशी गायब झाला त्याला परत बोलवायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. दुसऱ्या कंपनीने विचारलं आणि तिने खरं तेवढंच सांगितलं, तरी तक्रारीला फारशी जागा नाही. बदनामीच्या कायद्यानेच ही मुभा ठेवली आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ४९९ खाली एक दुकानदाराचं उदाहरण होतं. तो आपला धंदा सांभाळणाऱ्याला बजावतो की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या सचोटीबद्दल माझं मत चांगलं नाही. आपलं हित जपण्यासाठी, प्रामाणिकपणे असं म्हटलं तर ती बदनामी होत नाही. आता हा कायदा न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे, पण तत्त्व तेच आहे. फक्त तो दुकानदार स्वतःच्या दुकानापुरतं बोलतो, हे विसरू नये. सगळ्या बाजारपेठेने मिळून एका माणसाला माल द्यायचा नाही असं ठरवलं तर त्याला आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये वेगळा कायदा केला. त्याचा रोख जातपंचायतींवर आहे, कंपन्यांना तो लागू होत नाही. पण वाळीत टाकण्यातला अन्याय कशात असतो ते या राज्याला चांगलं कळतं, एवढं तरी त्यावरून म्हणता येईल.

माझं म्हणणं असं की नोटीस न देता जाणारा माणूस कंपनीचं देणं लागतो, आणि ते देणं पैशाचं आहे. त्याच्या पुढच्या नोकरीवर कंपनीचा बोजा चढत नाही. आपल्या नोकरीबाजाराने हा फरक पुसून टाकला आहे, तोही कुठला कायदा न करता, केवळ एका पत्राच्या जोरावर.

हा फरक करायला आपल्याला साठहून अधिक वर्षं लागली होती. १८५९ साली ब्रिटिश सरकारने कामगारांच्या करारभंगाचा कायदा केला. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांची तक्रार होती की कारागीर आगाऊ रक्कम घेतात आणि काम टाकून पळतात. उपाय काय काढला, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचं, मॅजिस्ट्रेटने कामगाराला पैसे परत कर किंवा कामावर जा असं फर्मावायचं, आणि तरीही ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंग नव्हता. आसामच्या चहामळ्यांपर्यंत हा कायदा राबवला गेला. १९२५ मध्ये तो रद्द करणारा कायदा झाला, आणि त्याच फटक्यात दंडसंहितेतली करारभंगाची दोन कलमंही गेली. एकच उरलं, ४९१. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून त्याला वाऱ्यावर सोडून जाणं हा गुन्हा राहिला, आणि तो राहायलाच हवा होता. बाकी ठिकाणी तेव्हापासून नोकरी अर्धवट सोडणं ही दिवाणी बाब झाली. नुकसान झालं असेल तर सिद्ध करा, करार कायद्याच्या कलम ७३-७४ खाली वाजवी भरपाई मागा. करारात आकडा लिहिलेला असला तरी तो कमाल मर्यादा म्हणून धरला जातो, आपोआप मिळणारं बक्षीस म्हणून नव्हे. जबरदस्तीने कुणाला कामाला जुंपा, असा हुकूम न्यायालय देत नाही.

मालकाची बाजू न्यायालयांनी ऐकलीच नाही असंही नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर १९६४ च्या अखेरीस पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर गेला. टायर कॉर्डचं तंत्र सेंच्युरीने एका डच कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं आणि या माणसाला त्याचं शिक्षण दिलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६७ मध्ये न्यायालयाने मनाईहुकूम कायम ठेवला: कराराची मुदत संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे तसलंच काम करायचं नाही. नोकरीबंदीचा हा निकाल मालकांचे वकील अजून हिरिरीने पुढे करतात. पण त्याची चौकट बघा. काम एका विशिष्ट प्रकारचं, मुदत ठरलेली, जपायचं गुपित खरोखरचं, आणि दोन्ही बाजूंचं ऐकून न्यायाधीशाने दिलेला हुकूम. मुदत संपल्यावर तो माणूस मोकळा. करार कायद्याचं कलम २७ धंद्या-नोकरीला आडकाठी करणारी अट निरर्थक ठरवतं, आणि नोकरी संपल्यानंतरच्या बंधनांबाबत आपली न्यायालयं त्या कलमाला चिकटून राहिली आहेत.

अगदी अलीकडचा निकाल मे २०२५ चा. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी. बाँड दोन लाखांचा होता. त्याने ते निषेध नोंदवून भरले आणि मग दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने बाँड वैध ठरवला. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती करावी लागते, मधेच माणूस गेला तर तो सगळा खटाटोप पुन्हा, हे कारण न्यायालयाला पटलं. कर्मचाऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या अनेकांना हा निकाल झोंबला. मला तो तितका वाईट वाटत नाही. त्या अधिकाऱ्याने पैसे भरले आणि तो नव्या बँकेत कामाला लागला. हिशोब चुकता झाला, रस्ता मोकळा झाला. रक्कम जास्त होती की कमी यावर वाद घालता येईल. पण त्याची कारकीर्द कुणी ओलीस धरली नव्हती.

रिलिव्हिंग लेटर नेमकं तेच करतं. आणि ही युक्ती आपल्या एचआरवाल्यांनी शोधलेली नाही. नेपोलियनच्या फ्रान्सने १८०३ मध्ये कामगारांसाठी एक पुस्तिका सुरू केली होती. कामगाराने ती सोबत बाळगायची, नव्या मालकाकडे जाताना दाखवायची. जुन्या मालकाने त्यात लिहायचं की याने आपली बांधिलकी पुरी केली आहे. ती नोंद नसेल तर नवं काम नाही, आणि पुस्तिकेशिवाय फिरणारा भटक्या म्हणून पकडला जायचा. उचल बाकी असेल तर तीही पुस्तिकेत चढायची आणि पुढच्या मालकाने ती पगारातून कापून जुन्या मालकाला पोचवायची. ही पुस्तिका पूर्णपणे जायला १८९० साल उजाडलं. आपल्या आयटी कंपनीचं पत्र या पुस्तिकेच्याच घराण्यातलं आहे. फरक असा की पुस्तिकेमागे निदान राज्याचा कायदा होता, त्यामुळे तिच्याविरुद्ध संसदेत बोलता आलं आणि ती रद्द करता आली. पत्रामागे फक्त प्रथा आहे. कोणत्याही कायद्यात नसलेली गोष्ट रद्द करा असं सांगायला जायचं कुठे?

याउलट जर्मनीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे नोकरी सोडताना प्रमाणपत्र मिळणं हा कामगाराचा हक्क आहे, आणि त्यात छुप्या खुणा नकोत असं कायदा स्पष्ट सांगतो. वर गोड शब्द आणि आत कडू अर्थ अशी भाषा तिथल्या एचआरवाल्यांनी तयार केलीच, हा भाग वेगळा. त्या भाषेवरून तिथे खटले चालतात. पण खटला चालवता येतो याचा अर्थ कागद कामगाराच्या हातात असतो. आपल्याकडचा ‘हो किंवा नाही’चा रकाना ज्याच्याबद्दल भरला जातो त्याला कधी दिसतच नाही.

न दिसणारी नोंद कुठवर जाऊ शकते हे ब्रिटनमध्ये २००९ साली उघडकीला आलं. तिथल्या माहिती आयुक्तांच्या माणसांनी ड्रॉइटविच गावातल्या एका छोट्या कार्यालयावर छापा घातला. कन्सल्टिंग असोसिएशन असं भारदस्त नाव, आणि आत ३,२१३ बांधकाम कामगारांची माहिती. नामांकित बांधकाम कंपन्या वर्गणी भरायच्या, भरतीच्या वेळी नाव कळवून विचारायच्या आणि पलीकडून उत्तर मिळायचं. कुणी युनियनचं काम केलं होतं, कुणी साइटवरच्या सुरक्षेबद्दल तक्रार केली होती. वर्षानुवर्षं ही माणसं काम का मिळत नाही याचा विचार करत घरी बसली होती. पुढच्या वर्षी ब्रिटनने काळ्या याद्यांविरुद्ध नियम केले, पण ते युनियनच्या कारणाने केलेल्या याद्यांपुरतेच. नोटीस न देता गेलेल्याला त्याचा उपयोग नाही. मी हे उदाहरण दिलं ते दोन्ही गुन्हे सारखे आहेत म्हणून नव्हे. एकदा यंत्रणा उभी राहिली की तिच्यात आज कोणत्या कारणाने नाव गेलं आणि उद्या कोणत्या कारणाने जाईल, हे बाहेरच्याला कळायचा मार्ग उरत नाही. साइटवर हेल्मेट मागणारा आणि साइट सोडून पळणारा, दोघंही नोंदीत ‘त्रासदायक’च असतात.

आपल्याकडे अशी यंत्रणा उघडपणे उभी राहिली ती पुण्यातल्या एका चोरीनंतरच्या हवेत. २००५ मध्ये इथल्या एका कॉल सेंटरच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँक ग्राहकांचे पिन मिळवून लाखो डॉलर वळते केले. परदेशी गिऱ्हाइकं बिथरली. २००६ मध्ये आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेने नॅशनल स्किल्स रजिस्ट्री सुरू केली: कर्मचाऱ्याने आपली माहिती नोंदवायची, बोटांचे ठसे द्यायचे, पडताळणी करून घ्यायची, आणि कंपन्यांनी ती बघायची. ही काळी यादी नाही, हे मान्य. नोंदणी ऐच्छिक आणि माणसाच्या संमतीने. पण कंपनीच्या रुजू होण्याच्या चेकलिस्टमध्ये नोंदणी क्रमांकाचा रकाना आला की ऐच्छिक या शब्दाचं काय होतं ते नोकरी शोधणाऱ्याला विचारा. आता तर तिचीही गरज भासत नाही. २०१४ पासून प्रॉव्हिडंट फंडाचा एकच यूएएन क्रमांक माणसाबरोबर फिरतो. कुठे कधी लागलात, कधी सोडलंत, सगळं त्यात उमटतं, आणि पडताळणीवाले तो इतिहास मागून घेतात.

मात्र याच प्रॉव्हिडंट फंडाने एक शहाणपणाची गोष्ट केली आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. पूर्वी नोकरी सोडल्याची तारीख भरणं मालकाच्या हातात होतं. रागावलेला मालक ती भरायचाच नाही, आणि माणसाचे स्वतःचे पैसे अडकून पडायचे. २०२० पासून, शेवटचा हप्ता भरल्याला दोन महिने उलटले की कर्मचारी स्वतः आधार ओटीपी टाकून ती तारीख नोंदवू शकतो. मालकाचं काही येणं आहे का, नोटीस दिली होती का, असा एकही प्रश्न यंत्रणा विचारत नाही. माणसाने कुठे किती काम केलं हा एक मुद्दा, आणि मालकाशी त्याचा हिशोब हा दुसरा. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदाही याच वाटेने जात होता. नुकसान केलं, हिंसाचार केला, नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला तरच ती जप्त व्हायची. नोटीस दिली नाही हे कारण त्यात नव्हतं.

आता मालकांचं ऐकू, कारण त्यांच्यातला एक मालक खरोखर अडचणीत असतो. भोसरीच्या एमआयडीसीत चार मशीनचं वर्कशॉप चालवणारा. त्याने एका पोराला हाताला धरून व्हीएमसी मशीन चालवायला शिकवलं, दिवाळीला बोनस दिला आणि पाडव्यानंतर पोरगा आलाच नाही. चाकणच्या मोठ्या कंपनीत लागला. इकडे जॉब वेळेत गेला नाही तर वरची कंपनी बिलातून कापणार. याने न्यायालयात जायचं? वकिलाची फी त्या पोराच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी. न्यायालय दाखवून देणाऱ्यांनी या माणसाकडे बघून बोलावं. पण गंमत अशी की ब्लॅकलिस्टचा फायदा याला कधीच मिळत नाही. याच्याकडे बीजीव्हीचा मेल येत नाही, याच्या रिलिव्हिंग लेटरला कुणी विचारत नाही. तो पोरगा ‘फ्रेशर’ म्हणून लागलेला असतो. कागदाचं हत्यार चालतं ते ज्यांच्याकडे पन्नास वकील आहेत त्यांचंच.

दुसरं खरं उदाहरण विमान कंपन्यांचं. २०२३ च्या पावसाळ्यात अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले आणि शेकडो उड्डाणं रद्द झाली. नियमाप्रमाणे कॅप्टनला वर्षभराची, सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस हवी. २०१७ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने ती ठरवली आणि वैमानिकांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात भरपाईसाठी आली, दिल्लीत महासंचालनालयाने कारवाई करावी म्हणून गेली. महासंचालनालयाची भूमिका अशी की नोकरीच्या करारात आम्ही पडत नाही. वैमानिक लगेच तयार होत नाही, त्याच्या जाण्याने प्रवासी विमानतळावर अडकतो, तेव्हा लांब नोटिशीला इथे काही अर्थ आहे. तरी बघण्यासारखं हे की नियम जाहीर आहे, त्याचं कारण दिलेलं आहे, त्याला आव्हान देता येतं, आणि त्याच नियमात नोटिशीच्या काळात वैमानिकाचे हक्क काढून घेऊ नका असंही मालकाला बजावलं आहे. सार्वजनिक गरज आहे म्हणता? मग ती अशी उघड्यावर मांडा. जावामध्ये कोड लिहिणाऱ्याला नव्वद दिवसांची नोटीस का लागते, याचं कारण मात्र कुणी अजून उघड्यावर मांडलेलं नाही.

ते कारण सगळ्यांना ठाऊक आहे. नव्वद दिवसांचा माणूस नव्या कंपनीला परवडत नाही, म्हणून तो जुन्या कंपनीतच राहतो. उलट नवी कंपनी मुलाखतीत पहिला प्रश्न विचारते, ‘लवकर जॉइन होऊ शकाल का?’ स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस बांधणारी कंपनी दुसऱ्याच्या माणसाला पंधरा दिवसांत मागते. आणि काढायचं झालं की सकाळी लॅपटॉपचं लॉगिन बंद, नोटिशीचा पगार खात्यात. कायद्याने ते चालतं, कारण कंपनीची नोटीस पैशात मोजता येते. मग कर्मचाऱ्याची का नाही? बायआउटची, म्हणजे नोटिशीऐवजी पैसे भरून सुटण्याची, सोय करारात असते, पण ‘कंपनीच्या मर्जीने’ हे दोन शब्द तिच्या शेपटाला बांधलेले असतात. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला कारण न देता घालवण्याचं कलम रद्दबातल केलं होतं. दुबळ्या बाजूने सही केली म्हणून वाटेल ती अट चालणार नाही, असं बजावलं होतं. ती कंपनी सरकारी होती. खासगी कंपनीच्या दारात तो निकाल थबकतो.

हाच पेच खालच्या टोकाला जास्त उघडा दिसतो. बीडच्या ऊसतोडीच्या टोळीने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल फिटली नाही आणि टोळी मधेच निघून गेली की मुकादम मागे लागतो. मुकादमच उचल बुडवून गायब झाला तर ट्रॅक्टरमालक पोलिसात फसवणुकीची फिर्याद देतो. या फिर्यादींतल्या काही खऱ्या असतात, ट्रॅक्टरमालकही कर्जात बुडालेला असतो. पण दिवाणी देण्यासाठी पोलीस ठाणं गाठायची ही सवय म्हणजे १८५९ चाच कायदा, फक्त रद्द झालेला. आणि कोकणातून आखातात गेलेल्यांना तर हे सरकारी मोहोरेनिशी भेटतं. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार रजेशिवाय काम सोडून गेलेल्या परदेशी कामगाराला वर्षभर नवा कामाचा परवाना नाही. तिथे निदान वर्ष मोजता येतं. आपल्याकडच्या ‘अबस्कॉन्डेड’ शेऱ्याला मुदत नाही. दहा वर्षांनंतरच्या पडताळणीतही तो तितक्याच ताजेपणाने बाहेर येतो.

मला सर्वांत खटकते ती तुलना वेगळीच. सरकार एखाद्या ठेकेदाराला काळ्या यादीत टाकतं तेव्हा आधी त्याला बाजू मांडू द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने हे सत्तरच्या दशकात सांगितलं आणि २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटलं की काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे हे कारणे दाखवा नोटिशीतच स्पष्ट हवं. डांबर कमी टाकणाऱ्या ठेकेदाराला एवढं संरक्षण आहे. त्याचं कारण न्यायालयाने दिलं ते असं की काळ्या यादीने माणसाच्या व्यवहाराचे दरवाजे बंद होतात. नोकरदाराचेही तेच दरवाजे बंद होतात, फक्त बंद करणारा हात सरकारचा नसतो, म्हणून सुनावणी नाही. नव्या डेटा संरक्षण कायद्याकडे, २०२३ च्या, बघावं तर तिथे आणखी एक खड्डा आहे. नोकरीच्या कारणासाठी मालक कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरू शकतो. आणि आपल्याबद्दल काय नोंदवलंय ते बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्या कायद्याने दिलाय तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता. म्हणजे ज्या रकान्याने माणसाची नोकरी जाते नेमका तोच त्याला मागता येत नाही.

दुरुस्ती फार मोठी नाही. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत १९४६ च्या कायद्यापासून एक साधं कलम होतं: कायम कामगाराला सेवा संपताना, अगदी बडतर्फ झाला तरी, सेवेचं प्रमाणपत्र मिळेल. बडतर्फालासुद्धा. आयटीतला अभियंता ‘कामगार’ आहे की नाही यावरच वर्षं निघून जातात, त्यामुळे त्याला ते कलम कधी पोचलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. वेतन संहितेत राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार द्या असं म्हटलंय. पगाराला मुदत घातली, तशी सेवेच्या कागदालाही घालता येईल: पद, रुजू तारीख, शेवटचा दिवस, एवढंच, दोन दिवसांत, कुठलीही अट न घालता, आणि व्यवस्थापक असो की हेल्पर, सगळ्यांना. नोटिशीचा वाद त्या कागदावर यायचा नाही. पडताळणीला कंपनीने जे उत्तर दिलं त्याची प्रत त्याच मेलमध्ये त्या माणसालाही जाईल, म्हणजे ‘नाही’वर खूण करणाऱ्याला कारणही लिहावंसं वाटेल. भोसरीच्या वर्कशॉपवाल्यासाठी लहान रकमेचे असे दावे श्रम कार्यालयातच, वकिलाशिवाय निकाली निघण्याची सोय करावी लागेल, नाहीतर त्याच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं होईल. मोठ्या कंपनीला तिच्या नव्वद दिवसांचं खरोखर किती नुकसान झालं ते आकड्यांत दाखवावं लागेल. ते दाखवता आलं तर तिने खुशाल वसूल करावं. माणूस तोवर नव्या ठिकाणी कामावर जात राहील आणि त्याच पगारातून तिचे हप्ते फेडील.